सरकी, केळी आणि रक्त: खानदेशातून दिसणारे जैविक महारेणू

दिवाळीच्या सुमारास जळगाव-धुळ्याच्या काळ्या रानात कापूस वेचणीला येतो. फुटलेल्या एका बोंडात तेव्हा जीवसृष्टीतले चारही मोठे रेणुवर्ग हाताशी असतात. पांढरा तंतू हे सेल्युलोज, म्हणजे कर्बोदक. जिनिंगमध्ये रुई वेगळी झाली की सरकी उरते आणि तिच्यात तेल असते, तो मेद. तेल काढल्यावर राहिलेली ढेप दुभत्या जनावरापुढे ठेवतात ती मुख्यतः तिच्यातल्या प्रथिनांसाठी. सरकीच्या प्रत्येक पेशीत डीएनए हे न्यूक्लिइक आम्ल आहेच, आणि २००२ पासून त्यात एका जिवाणूचे जनुकही येऊन बसले आहे.

शाळेच्या पुस्तकांत हे चार वर्ग चार चौकटींत येतात. कर्बोदके ऊर्जा देतात, प्रथिने शरीर बांधतात, मेद ऊर्जा साठवतात, न्यूक्लिइक आम्ले आनुवंशिक माहिती वाहून नेतात. ही वाक्ये खोटी नाहीत, पण त्यांच्यावर थांबले की विषय कळायचा राहून जातो. कापूस जवळपास सगळा कर्बोदकच आहे, आणि तो खाऊन माणसाला कणभरही ऊर्जा मिळत नाही. पपईच्या चिकातले एक प्रथिन काही बांधत नाही, उलट दुसऱ्या प्रथिनांचे तुकडे करते. महारेणूचे काम ठरते ते त्याचे घटक कोणते, ते कोणत्या क्रमाने आले आणि कोणत्या बंधाने जोडले गेले यावरून. खानदेशातली पिके, कारखाने, इथला स्वयंपाक आणि सातपुड्यातला एक जुना आजार एकत्र पाहिले, तर या म्हणण्याचा पुरावा दुसरीकडे शोधावा लागत नाही.

असे प्रचंड रेणू असतात हे रसायनशास्त्रज्ञांनाही सहज पटले नव्हते. रबर, पिष्ट, सेल्युलोज हे छोट्या रेणूंचे सैल पुंजके असावेत, असे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेकांना वाटे. १९२० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हर्मन श्टाउडिंगर यांनी हे पदार्थ म्हणजे हजारो घटक पक्क्या रासायनिक बंधांनी जोडलेल्या लांब साखळ्या आहेत, असे मांडले. त्यांना कडवा विरोध झाला आणि नोबेल पारितोषिक मिळायला १९५३ साल उजाडले.

सुरुवात ग्लुकोजपासून केलेली बरी. कापसाचा तंतू आणि ज्वारीचे पीठ, दोन्हींचा घटक ग्लुकोज हाच. फरक आहे तो जोडणीत. पिष्टात ग्लुकोजचे रेणू अल्फा प्रकारच्या बंधाने जोडलेले असतात. त्यामुळे साखळीला वळण येते, ती मळसूत्रासारखी गुंडाळली जाते आणि काही ठिकाणी तिला फांद्या फुटतात. अशा गुंडाळीत पाणी शिरते, विकरेही (एन्झाइम) शिरतात. सेल्युलोजमध्ये बंध बीटा प्रकारचा असतो आणि प्रत्येक ग्लुकोज आधीच्याच्या मानाने उलटा बसतो. साखळी सरळ राहते. अशा कित्येक साखळ्या, शेतकऱ्याने आवळून बांधलेल्या पऱ्हाटीच्या मोळीप्रमाणे, एकमेकींना चिकटून घट्ट जुड्या बनवतात. हायड्रोजन बंधांनी बांधलेल्या या जुडीत पाणी शिरत नाही, आणि हा बीटा बंध तोडणारे विकर आपल्या आतड्यात नाही. गाय-बकरीकडेही स्वतःचे ते विकर नसते. त्यांच्या पोटात राहणारे सूक्ष्मजीव ते तयार करतात, आणि म्हणून बकरी पऱ्हाटीची पाने-बोंडे खाऊन जगते. कापसाचा प्रत्येक तंतू ही सरकीच्या सालीवरची एकच लांबलेली पेशी असते. तिची जाडी मिलिमीटरचा पन्नासावा भाग, तर लांबी तीन सेंटिमीटरच्या आसपास. ती वाळते तेव्हा मागे राहते ते जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. अमळनेरची प्रताप मिल ज्या तंतूवर उभी राहिली, त्याची ताकद एका बंधाच्या दिशेतून आलेली आहे.

साखळी तुटताना पाहायची असेल तर केळीकडे वळावे. रावेर, यावल, चोपडा भागातली केळी हिरवी असतानाच कापतात. सावदा, रावेर, निंभोऱ्याच्या बाजूने ती ट्रकने आणि रेल्वेने उत्तरेकडे जाते. कापणीच्या वेळी तिच्या गरात वीस-पंचवीस टक्के पिष्ट असते आणि साखर जेमतेम एक-दोन टक्के. पिकून पिवळी झाली की आकडे उलटतात. पिष्ट एक-दोन टक्क्यांवर येते आणि साखर पंधरा ते वीस टक्क्यांपर्यंत चढते. गोडवा बाहेरून येत नाही, आधीपासून असलेल्या साखळ्या तुटतात एवढेच. हे घडवणारा संकेत म्हणजे इथिलीन, अवघ्या दोन कार्बनचा वायू. फळ तो स्वतः सोडते. त्याच्या स्पर्शाने पेशींतली ठरावीक जनुके जागी होतात, अमायलेजसारखी विकरे तयार होतात आणि पिष्ट कापत सुटतात. त्याच वेळी दुसरी विकरे पेशींना एकत्र धरणारे पेक्टिन विरघळवतात, म्हणून केळे मऊ पडते. रायपनिंग चेंबरमध्ये हेच इथिलीन मोजून सोडतात आणि तापमान राखतात. कॅल्शियम कार्बाइडची पुडी ठेवून पिकवण्याची पद्धत कायद्याने बंद आहे आणि ती बंदच राहायला हवी. कार्बाइडमधून इथिलीनऐवजी अ‍ॅसिटिलीन निघते आणि त्यातल्या अशुद्धींमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसची संयुगे असतात. हिरव्या केळ्याच्या कापावर आयोडिनचा थेंब टाकला तर तो काळा-निळा होतो, कारण पिष्टाच्या मळसूत्रात आयोडिन अडकून बसते. पिकत जाणाऱ्या केळ्याचे काप रोज तपासले तर काळेपणा हळूहळू मावळताना दिसतो. जळगाव जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग व्हावा. त्याला फारसा खर्चही येत नाही.

खानदेशी स्वयंपाकघर पिष्ट आणि प्रथिनांच्या या गुणांवरच चालते. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे तिचे पीठ ताणले जात नाही. गरम पाणी घातले की पिष्टाचे कण फुगतात, चिकट होतात आणि भाकरी थापता येते. थंड झालेली भाकरी कडक होते, कारण फुगलेल्या साखळ्या पुन्हा एकमेकींना लागून बसू लागतात. उन्हाळ्यात ज्वारी आंबवून, शिजवून कापडावर थापलेले बिबडे हेही शिजून फुगलेले आणि मग वाळवलेले पिष्ट. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढतात. चोथा बाजूला जातो, पिष्ट तळाशी बसते आणि वरचे पाणी ओतून दिले की जवळपास शुद्ध पिष्ट हाती येते. घराघरात होणारे हे रेणूंचे विलगीकरणच आहे. धुळे जिल्ह्यात मक्यापासून स्टार्च काढण्याचे कारखाने मोठ्या यंत्रांनी याच तत्त्वावर काम करतात.

खापरावरच्या पुरणपोळीत, म्हणजे मांड्यात, पिष्टापेक्षा प्रथिनाची करामत मोठी. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने असतात. पाणी घालून मळले की त्यांच्या साखळ्या उलगडतात, गंधकाच्या अणूंमधल्या बंधांनी एकमेकींत गुंततात आणि ग्लुटेनचे पसरट, लवचीक जाळे तयार होते. बाई मांडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरवते आणि तो फाटत नाही, ते या जाळ्यामुळे. ज्वारीच्या पिठाचा मांडा कितीही कुशल हातांना जमणार नाही.

प्रथिनांचे घटक म्हणजे अमिनो आम्ले, आणि ती वीस प्रकारची. कर्बोदकांच्या साखळीत बहुधा एकच घटक पुन्हा पुन्हा येतो. प्रथिनात मात्र वीस अक्षरांनी लिहिलेला मजकूर असतो, आणि त्या मजकुराप्रमाणे साखळी घडी घालून ठरावीक आकार घेते. वीसपैकी नऊ अमिनो आम्ले माणसाला अन्नातूनच मिळवावी लागतात. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असते, उडदात ते भरपूर. उडदात गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी पडतात आणि ती उणीव ज्वारी भरून काढते. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी म्हणजे एकमेकांची उणीव भरून काढणारे दोन मजकूर एकाच घासात. आहारशास्त्राने हे मोजून दाखवण्याच्या कितीतरी आधीपासून खानदेश ही भाकरी खात आला आहे, आणि आज हॉटेलांत ती नवलाई म्हणून मिळत असली तरी रोजच्या ताटातली तिची जागा टिकायला हवी, असे मला फार वाटते. कडधान्ये कच्ची खात नाहीत, यालाही प्रथिनांचेच कारण आहे. त्यांच्यात पचनाच्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारी प्रथिने असतात, आणि उष्णतेने त्यांची घडी मोडली की ती निकामी होतात. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कमला सोहोनी यांनी भारतीय कडधान्यांतल्या या प्रथिनांवर महत्त्वाचे संशोधन केले. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन परतलेल्या या बाईंनी गरिबांच्या ताटातले अन्न हा विषय आयुष्यभर धरून ठेवला.

जळगावचा स्वतःचा रेणू म्हणायचा तर तो पपेन. भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये जळगावातला बंद पडलेला केळीच्या भुकटीचा कारखाना घेतला आणि तिथे पपईच्या चिकातून पपेन शुद्ध करायला सुरुवात केली. जैन उद्योगाचा पुढचा पाइप आणि ठिबकचा पसारा सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या सुरुवातीच्या निर्यातीत हे एक विकर होते, हे आज कमी लोकांच्या लक्षात राहिले आहे. कच्च्या पपईवर उभ्या चिरा दिल्या की पांढरा चीक गळतो. तो गोळा करून सुकवतात आणि त्यातून पपेन वेगळे काढतात. मांस मऊ करायला, बिअर थंडीत गढूळ होऊ नये म्हणून आणि पचनाच्या औषधांत त्याचा उपयोग होतो. झाडाच्या दृष्टीने मात्र ते शस्त्र आहे. पान कुरतडणाऱ्या अळीच्या पोटात ते जाते आणि तिला अपाय करते.

पपेन २१२ अमिनो आम्लांची साखळी आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी क्ष-किरणांनी तिची रचना १९६८ मध्ये उलगडली. तोडण्याचे काम मुख्यतः दोन अमिनो आम्ले करतात. एक आहे पंचविसाव्या जागेवरचे सिस्टीन आणि दुसरे एकशे एकोणसाठाव्या जागेवरचे हिस्टिडिन. साखळीत त्यांच्यामध्ये सव्वाशेहून अधिक घटकांचे अंतर आहे, पण घडी पडल्यावर ती शेजारी येतात आणि त्या खाचेत दुसऱ्या प्रथिनाचा बंध तुटतो. उकळत्या पाण्यात बराच वेळ ठेवले तर घडी मोडते आणि काम थांबते, जरी २१२ घटक तेच आणि त्याच क्रमाने असले तरी. प्रथिन म्हणजे काय हे सांगायला मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही. वैद्यकाच्या इतिहासातही पपेनला जागा आहे. १९५९ मध्ये रॉडनी पोर्टर यांनी सशाच्या रक्तातले प्रतिपिंड पपेनने कापले. तीन तुकडे झाले, त्यातले दोन प्रतिजनाला चिकटणारे निघाले आणि तिसऱ्याचे स्फटिक बनले. प्रतिपिंडाचा वाय आकार कळण्याची वाट तिथून मोकळी झाली. पोर्टर यांना १९७२ चे नोबेल जेराल्ड एडेलमन यांच्यासोबत मिळाले.

मेदांबद्दल थोडक्यात. काटेकोर पाहिले तर ते महारेणू नाहीतच. ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडली की तेलाचा रेणू पुरा होतो, लांबत जाणारी साखळी तयार होत नाही. पाठ्यपुस्तके त्यांना या यादीत बसवतात ती सोयीसाठी, आणि विद्यार्थ्यांना तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यांची मोठी कामगिरी अशा रासायनिक बंधांशिवाय होते. फॉस्फरसयुक्त मेद पाण्यात आपोआप दुहेरी पडदा बनवतात आणि प्रत्येक पेशी त्या पडद्याने वेढलेली असते. उद्योगाच्या इतिहासात मात्र खानदेशचा मेद मोठा आहे. १९४५ मध्ये एम. एच. हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि ७८७ साबण ही तिची उत्पादने होती आणि पुढे तिचीच विप्रो झाली. वनस्पती करताना निकेलच्या सान्निध्यात तेलात हायड्रोजन घालतात. मेदाम्लातले दुहेरी बंध कमी होतात, साखळीतला बाक जातो आणि पातळ तेल घट्ट बनते. प्रक्रिया अर्धवट झाली की उरलेल्या काही बंधांची बाजू पालटते आणि ट्रान्स मेद तयार होतात. ते हृदयविकार वाढवतात हे कळायला अनेक दशके गेली. २०२२ पासून भारतात खाद्यतेल व मेदांत त्यांची मर्यादा दोन टक्के आहे. अणू तेवढेच, एका बंधाची बाजू बदलली आणि हृदयावरचा परिणाम बदलला.

राहिली न्यूक्लिइक आम्ले. डीएनएची अक्षरे चार, आणि तीन-तीन अक्षरांचा एक शब्द एका अमिनो आम्लाची खूण असतो. प्रथिनाचा मजकूर इथे लिहिलेला असतो आणि आरएनए त्याची नक्कल करून प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेपर्यंत नेते. बीटी कपाशीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे जनुक आहे. त्यापासून बनणारे क्राय प्रथिन बोंडअळीच्या आतड्यात विकरांनी कापले जाते, तिथल्या ठरावीक ग्राही प्रथिनाला चिकटते आणि आतड्याला छिद्रे पाडते. गुलाबी बोंडअळीने यावर मात केली तीही रेणूच्या पातळीवर. भारतातल्या प्रतिकारक अळ्यांत आतड्यातल्या कॅडहेरिन या प्रथिनाचे जनुक बदललेले आढळले, म्हणजे विष होते पण चिकटायला जागा उरली नाही. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कापूस उत्पादकांनी त्याची किंमत मोजली. दरवर्षी नवे बियाणे शोधण्यापेक्षा हंगाम वेळेत संपवून पऱ्हाटी शेतातून काढणे, सापळे लावणे आणि आश्रय पीक म्हणून बिगर-बीटी कपाशी खरोखर पेरणे हेच उपाय अळीच्या जनुकांवरचा ताण कमी करतात.

आरएनएचे उदाहरण केळीपट्ट्यात आहे. बागायतदार ज्याला नुसते सीएमव्ही म्हणतात, तो काकडी मोझॅक विषाणू म्हणजे प्रथिनाच्या कवचात बसवलेले आरएनए. त्याचे जनुकीय साहित्य तीन तुकड्यांत असते. मावा एका झाडाचा रस शोषून दुसऱ्यावर बसला की विषाणू पसरतो. पानांवर पिवळे पट्टे पडतात, कोवळी बाग पोंग्यापासून सडते. जळगावची ऊतिसंवर्धित ग्रँड नैन केळी एकाच डीएनएच्या प्रतींनी वाढवलेली असते. तिच्यामुळे उत्पादन वाढले आणि कापणी एकसारखी झाली, पण एका झाडाची दुबळी बाजू तीच साऱ्या बागेची असते. म्हणून मातृवृक्षाची विषाणू तपासणी झालेली रोपे घेणे आणि बागेजवळ काकडी, भोपळा, कारले न लावणे याला पर्याय नाही.

आता सातपुडा. शिरपूर, साक्री, चोपडा, यावलच्या डोंगराळ भागात आणि १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या नंदुरबारमध्ये भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेल आजार आढळतो. मला या साऱ्या विषयात याहून महत्त्वाचे काही वाटत नाही. हिमोग्लोबिन चार साखळ्यांचे असते, दोन अल्फा आणि दोन बीटा, मिळून ५७४ अमिनो आम्ले. बीटा साखळीच्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्ल असते. डीएनएत जीएजी या शब्दाऐवजी जीटीजी आला की तिथे व्हॅलिन येते. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, ते पाण्यात रमते. व्हॅलिनवर भार नसतो, ते पाण्यापासून दूर राहू पाहते. रक्तातला प्राणवायू सुटला की एका हिमोग्लोबिनचे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खाचेत बसते, मग तिसऱ्याचे, चौथ्याचे, आणि ताठ दोर बनत जातात. तांबडी पेशी वाकून कोयत्याच्या आकाराची होते, बारीक वाहिन्यांत अडकते, लवकर फुटते. मुलाची हाडे ठणकतात, रक्त कमी होते, प्लीहा निकामी होऊन जंतुसंसर्ग जीवघेणे ठरतात.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी विद्युतक्षेत्रात दोन्ही हिमोग्लोबिन वेगळ्या वेगाने सरकतात हे दाखवले आणि याला रेणूचा आजार म्हटले. काही वर्षांनी केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी बदललेले नेमके अमिनो आम्ल दाखवले. आजही पक्के निदान त्या गमावलेल्या ऋण भारावरच होते. सोल्युबिलिटी चाचणीत रक्त गढूळ झाले की शंका येते, इलेक्ट्रोफोरेसिसने, म्हणजे विद्युतक्षेत्रातल्या त्याच सरकण्यावरून, खात्री होते आणि एका जनुकाचा वाहक कोण, दोन्ही जनुके बाधित असलेला रुग्ण कोण, हे कळते. वाहकाला बहुधा त्रास नसतो, उलट तीव्र मलेरियापासून त्याला काहीसे संरक्षण मिळते. मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते त्यामुळे. म्हणून याला रक्तातला दोष किंवा घराण्याचा डाग म्हणणे चूक आहे आणि त्यापायी एखाद्या मुलीचे लग्न मोडणे अन्याय आहे. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारात एक असते. ही माहिती लग्नाच्या आधी दोन्ही घरांना मिळाली पाहिजे, आणि आश्रमशाळेतल्या जीवशास्त्राच्या तासाला ती याच रेणूच्या भाषेत शिकवली पाहिजे.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आणि तपासणी झालेल्यांना कार्ड मिळू लागली. उपचारांत हायड्रॉक्सियुरियाची गोळी महत्त्वाची आहे. ती बिघडलेले अक्षर दुरुस्त करत नाही, गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. त्यात बीटाच्या जागी गॅमा साखळी असते आणि ती दोरात सामील होत नाही. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुकसंपादनाचा उपचारही हीच गॅमा साखळी पुन्हा सुरू करतो, पण त्याचा खर्च कोट्यवधींत आहे. गोळी स्वस्त आहे, फक्त ती रोज घ्यावी लागते आणि रक्ताची तपासणी नियमित व्हावी लागते. ग्रामीण रुग्णालयात गोळ्यांचा साठा एक महिना जरी खुंटला तरी उपचार तुटतो.

याच गॅमा साखळीमुळे आजारी बाळ पहिले काही महिने निरोगी दिसते. साधारण सहाव्या महिन्यापर्यंत गॅमा ओसरत जाते, बीटा तिची जागा घेते आणि मग लक्षणे सुरू होतात. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात बिघडलेली बीटा साखळी मात्र पहिल्या आठवड्यातही सापडते. पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस लक्षणांआधीच्या या पहिल्या महिन्यांतच सुरू करायची असते, म्हणून शिरपूर-चोपड्याच्या पाड्यांवर प्रसूतीनंतरच्या पहिल्या भेटीतच हा थेंब घेतला जायला हवा.